सोळा प्रमाणपत्रे आणि एक वही

“सर, संस्था काढायला किती दिवस लागतात ओ?”

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय नुकतेच उघडले होते. प्राध्यापक-कक्षात मी एकटाच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशी झुंजत बसलो होतो. दारात पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी. मी गणिताचा माणूस. संस्था काढण्याचा मला अनुभव नाही. निघालेल्या संस्था चालवताना माणसांची होणारी दमछाक मात्र तीस वर्षे जवळून पाहत आलो आहे. म्हणून तिला आधी बसायला सांगितले आणि संस्था कशाला हवी ते विचारले.

“फॉर्मात दाखवायला,” ती म्हणाली.

मुलगी वडगावची, विणकरांच्या गल्लीतली. घरी दोन यंत्रमाग. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे विज्ञान इंग्रजीतून, आणि गुण असे की आमच्या विभागात तिचे नाव काढले की सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटावे. तिला पदवीसाठी अमेरिकेतील काही महाविद्यालयांत अर्ज करायचा होता. परदेशी विद्यार्थ्याच्या घरची ऐपत पाहून त्याचा जवळजवळ सगळा खर्च स्वतः उचलणारी थोडीफार महाविद्यालये तिकडे आहेत. तेवढ्यांपुरताच तिचा विचार होता, आणि तो मला व्यवहारी वाटला. तेथे जागा मिळणे किती कठीण, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

तिने पिशवीतून एक जाडजूड फाइल काढून टेबलावर ठेवली. आत प्लॅस्टिकच्या पारदर्शक खिशांतून एकेक प्रमाणपत्र. मी मोजली. सोळा. वृक्षारोपण, योगदिन, रांगोळी स्पर्धा (उत्तेजनार्थ), सायबर जागृती, सहलीला गेले असता गोव्याच्या किनाऱ्यावर केलेली सफाई, रक्तदान शिबिरात स्वयंसेवक, कुठल्याशा ‘राष्ट्रीय’ प्रश्नमंजुषेत सहभाग (शुल्क भरून), नेतृत्वगुणांचा तीन तासांचा मोबाइलवरील अभ्यासक्रम, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, कबड्डी, राष्ट्रीय सेवा योजना आणि आणखी अशीच काही. एका मोठ्या शहरातील सल्लागाराचे मोफत व्याख्यान तिने मोबाइलवर ऐकले होते. त्याने दोन गोष्टी सांगितल्या म्हणे. एक, उपक्रम भरपूर हवेत. दोन, ते सगळे एका सूत्रात ओवलेले दिसले पाहिजेत. सूत्र नसेल तर एखादी संस्था काढावी आणि आपण तिचे संस्थापक व्हावे. रांगोळी, कबड्डी आणि गोव्याची वाळू यांना ओवील असे सूत्र काही तिला सापडेना. तेव्हा ती संस्थेकडे वळली होती.

मित्रहो, ही हकिगत मी आपल्या अंकात मुद्दाम लिहितो आहे. आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला सी. ई. टी. आणि पी. यू. सी.चे गुण पाहतात. छात्र सेना आणि क्रीडा यांच्या थोड्या राखीव जागा सोडल्या तर विद्यार्थी फावल्या वेळात कबड्डी खेळतो की झोपा काढतो याची चौकशी कोणी करीत नाही. परंतु खाजगी विद्यापीठे, शिष्यवृत्त्या, व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम, नोकरीच्या मुलाखती, सगळीकडे ‘अभ्यासाखेरीज काय केले?’ हा रकाना आता येऊन बसला आहे. आपली मुले तो कसा भरतात हे मी काही वर्षे पाहतो आहे, आणि तो भरण्याची रीत आपण शिक्षकांनीच बिघडवली आहे असे माझे मत झाले आहे. त्याकडे पुढे येतोच.

त्या मुलीच्या अर्जाचे नाव कॉमन ॲप्लिकेशन. १९७५ साली १५ खाजगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन तो सुरू केला. आज हजाराहून अधिक महाविद्यालये तो स्वीकारतात. एकच अर्ज भरायचा आणि हव्या त्या ठिकाणी पाठवायचा. त्यात उपक्रमांसाठी दहा ओळी असतात. दहा भरल्याच पाहिजेत असे नाही, दहाहून अधिक मात्र चालत नाहीत. प्रत्येक उपक्रमात आपले पद काय हे ५० अक्षरांत, संस्थेचे नाव १०० अक्षरांत आणि प्रत्यक्ष काय केले ते १५० अक्षरांत लिहायचे. मधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणूनच मोजतात. त्यापुढे दोन लहानसे रकाने असतात आणि बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही: आठवड्याला किती तास, आणि वर्षातून किती आठवडे.

माझे लक्ष नेमके तिकडे गेले. सवयीचा परिणाम. तिने कच्च्या कागदावर सोळाही उपक्रमांपुढे तास मांडून आणले होते. मी बेरीज केली. आठवड्याला ९७ तास झाले.

“आठवड्याचे तास किती गं?” मी विचारले.

“एकशे अडुसष्ट.”

“झोपतेस किती?”

रोज सात तास, म्हणजे ४९ गेले. महाविद्यालय आणि येणे-जाणे रोज सात, सहा दिवसांचे ४२. उरले ७७. जेवण, आंघोळ, अभ्यास, शिकवणी अजून धरलेलेच नाही, आणि यादीत ९७ तास! ती हसली आणि मीही हसलो. वृक्षारोपण वर्षातून एकदा, तेही दोन तास. तिने ते ‘आठवड्याला चार’ असे लिहिले होते. का, तर व्याख्यानात सांगितले होते की तास कमी दिसता कामा नयेत.

मग मी तिला म्हटले की ही फाइल बाजूला ठेव, आणि परवाच्या सोमवारपासून कालच्या रविवारपर्यंत काय काय केलेस ते तासाप्रमाणे सांग. मी लिहून घेत गेलो. पहाटे पाच ते सात कांड्या भरणे, हे रोजचेच. म्हणजे आठवड्याला चौदा तास. आई आणि भाऊ माग चालवतात, वडिलांना फार वेळ उभे राहवत नाही. तेव्हा कांड्या, तुटलेले धागे सांधणे आणि साड्यांच्या घड्या ही कामे तिची. संध्याकाळी कबड्डीचा सराव, आठवड्यातून तीन दिवस. शाळेपासून खेळते, तालुक्याच्या संघात दोनदा होती. रात्री धाकट्या भावाचा अभ्यास. आणि शनिवारी?

“शनिवारी दुपारी बायका येतात.”

“कसल्या बायका?”

“गल्लीतल्या. अर्ज भरून घ्यायला.”

हे मला ठाऊक नव्हते. २०२३ साली कर्नाटक शासनाने गृहलक्ष्मी योजना आणली, घरातील कर्त्या स्त्रीला महिना दोन हजार रुपये. अर्ज, सूचना, मोबाइलवर येणारे संदेश, सगळे कन्नडमध्ये. गल्लीतल्या वयस्क बायका मराठी शाळेत शिकलेल्या, काही तर शाळेतच न गेलेल्या. या पोरीचे कन्नड शाळेत दुसरी भाषा म्हणून पक्के झालेले. प्रथम आजीचा अर्ज, मग शेजारणीचा, असे करता करता शनिवार दुपार ही ठरलेली वेळ होऊन बसली. शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, वृद्धांचे संध्या सुरक्षा वेतन, बँकेच्या खात्याला आधार जोडणे. केंद्रावर सोबत जायचे, रांगेत उभे राहायचे, आतला माणूस काय म्हणतो ते बाईला मराठीत सांगायचे आणि बाई काय म्हणते ते त्याला कन्नडमध्ये सांगायचे. (सीमाभागातील भाषेच्या प्रश्नावर मला या लेखात काही लिहावयाचे नाही. आपला अंक दोन्ही भाषांचा आहे आणि दोन्ही विभागांचे वाचक या रांगेत उभे राहिलेले आहेत.)

“हे यादीत का नाही?” मी विचारले.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी वर्गमूळ काढताना चुकलो. “त्याचं सर्टिफिकेट कुठाय सर?”

प्रमाणपत्र नव्हते, पण एक वही होती. बायका पुन्हा येऊन ‘माझा नंबर काय होता गं’ असे विचारीत, म्हणून तिने शंभर पानी वहीत नाव, तारीख, कशाचा अर्ज, पोचपावतीचा क्रमांक आणि पुढे काय झाले, असे पाच रकाने आखून घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिने ती आणून दाखवली. ११२ नोंदी. त्यांपैकी नऊ अर्ज प्रथम नामंजूर झाले होते. नऊच्या नऊ तिने कारण शोधून पुन्हा केले, आणि सात मंजूर झाल्याची खूण लाल शाईने केलेली. माझ्या नोकरीत मी पुष्कळ नोंदवह्या पाहिल्या आहेत. इतकी नीटस क्वचित.

आता या अर्जाची दुसरी बाजू पाहा. हा अर्ज करणाऱ्यांनीच उपक्रमांच्या वर्गवारीत ‘पगारी काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असे दोन स्वतंत्र वर्ग ठेवलेले आहेत. म्हणजे कांड्या भरणे, भावाला शिकवणे, आजारी माणसाचे करणे, दुकानात बसणे यांना तेथे वादविवाद आणि व्हायोलिन यांच्याच रांगेत जागा आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयातून २०१६ साली एक अहवाल निघाला. त्यात प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांना सुचवले होते की उपक्रमांची लांबलचक यादी मागू नका, चारेक जागा पुरेत. आणि घरासाठी राबणाऱ्या मुलांच्या श्रमाला समाजसेवेइतकीच किंमत द्या. मॅसॅच्युसेट्सची प्रख्यात तंत्रज्ञान संस्था, एम. आय. टी., आपल्या स्वतंत्र अर्जात चारच उपक्रम विचारते. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात वीस नोंदींना जागा आहे. तेव्हा ‘भरपूर हवेत’ हा नियम कोणी केला हे त्या व्याख्यात्यालाच विचारले पाहिजे.

येथे कोणाची अशी समजूत होऊ नये की मी त्या अर्जाचा आणि अर्ज मागवणाऱ्यांचा भाट झालो आहे. ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ या गोड शब्दाचा तिकडचा इतिहास फारसा गोड नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डला मुख्यतः परीक्षेच्या जोरावर प्रवेश मिळे. त्यामुळे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील हुशार मुले पुष्कळ येऊ लागली. १९२२ च्या सुमारास नव्या वर्गात त्यांचे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास गेले. तेव्हाचे अध्यक्ष लॉवेल यांना हे रुचले नाही. त्यांनी १५ टक्क्यांची मर्यादा घालावी असे सुचवले. उघड मर्यादेला विरोध झाला. मग अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांनी नाव बदलले आहे काय असे प्रश्न आले, आणि १९२६ पासून छायाचित्र व ‘चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व’ यांवर भर आला. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली यावर मोठा ग्रंथच लिहिला आहे. गुणपत्रिकेने दार उघडले होते, ते व्यक्तिमत्त्वाच्या नावाने अर्धे लोटून घेतले गेले. आणि पैसेवाल्यांना लोटलेले दारही उघडता येते. २०१९ साली तिकडे एक मोठे प्रकरण बाहेर आले. कधी वल्हे हातात न धरलेल्या मुलींना व्यायामयंत्रावर बसवून छायाचित्रे काढली, त्या नौकानयनपटू आहेत असे दाखवले आणि लाखो डॉलर मोजून प्रवेश मिळवले. नामांकित अभिनेत्रींना त्यात तुरुंगाची हवा खावी लागली.

ही माहिती मी तिला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आमी काय पण लिहिलं तरी त्यांचंच होणार की.” तसे होऊ शकते. नाही म्हणणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. पण खोटे नौकानयन ज्यांना परवडते ते कोण, आणि धरले गेले तर वकील कोणाला परवडतो, याचाही तिने विचार करावा असे मला वाटले. गरीब घरच्या मुलाने खोट्याच्या शर्यतीत उतरणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे; तेथे त्याच्यापेक्षा सरस खोटे बोलणारे पगारी लोक बसलेले आहेत. वही मात्र त्यांच्यापैकी कोणाकडे नाही.

संस्थेचा विषय असा मागे पडला. राहिले सूत्र.

या सूत्राच्या बाबतीत माझे मत जरा आडमुठे वाटेल. सतराव्या वर्षी माणसाच्या हातून जे जे होते ते विस्कळीतच असावे. पहाटे मागावर, संध्याकाळी मैदानावर, शनिवारी रांगेत; यांचा एकमेकांशी संबंध एवढाच की तिन्ही ठिकाणी तीच मुलगी आहे. कबड्डीतून तिला ‘महिला-सक्षमीकरणाची प्रेरणा’ मिळाली आणि ती प्रेरणा अर्ज भरण्यात ‘परिणत’ झाली, असे लिहिले की ते वाचणाऱ्याला लगेच कळते. कारण त्याने तसली शेकडो सूत्रे त्याच आठवड्यात वाचलेली असतात. तिला मी सरळ विचारले, “कबड्डी का खेळतेस?” ती म्हणाली, “आवडते म्हणून. आणि तेवढा वेळ मागाचा आवाज नसतोय.” यापेक्षा चांगले कारण मला तरी सुचत नाही. नाना तऱ्हेची कामे नाना तऱ्हेचीच दिसू द्यावीत. जे अधिक तासांचे आणि अधिक वर्षांचे ते वर, बाकीचे खाली. एवढाच क्रम पुरे.

ओळी लिहायला आम्ही दोन संध्याकाळ बसलो. १५० अक्षरांत विशेषणे मावत नाहीत, हा त्या अर्जाचा मोठाच गुण म्हणायचा. ‘अत्यंत तळमळीने’, ‘समाजातील तळागाळातील घटकांसाठी’ असे शब्द एकेक करून गळाले. संस्थेचे नाव वेगळ्या रकान्यात असते, ते पुन्हा लिहून जागा घालवायची नाही. काम करणारे क्रियापद आधी, मग आकडा, मग काय घडले ते. अर्जांची ओळ शेवटी साधारण अशी झाली: शेजारच्या मराठी भाषक स्त्रियांचे ११२ कन्नड अर्ज भरले, पोचपावत्यांची वही ठेवली, नामंजूर ९ पुन्हा केले, ७ मंजूर. पदाच्या रकान्यात ती ‘संस्थापक’ लिहू पाहत होती. मी विचारले, “बायका तुला काय म्हणतात?” “अर्जवाली.” इंग्रजीत आम्ही ‘अर्ज लिहून देणारी व दुभाषी’ अशा अर्थाचे साधे शब्द घातले. मागाच्या ओळीत वर्षातले आठवडे तिने ५० लिहिले. दोन आठवडे का वगळलेस म्हणून विचारले तर म्हणाली, गणपतीत आणि दसऱ्याला माग बंद असतो. खोटे तास मांडून आणणारी हीच मुलगी चार दिवसांत आठवडे वजा करू लागली होती!

ही सगळी हकिगत मी आमच्या कन्नड विभागाच्या एका सहकाऱ्यांना चहाच्या वेळी सांगितली. ते गृहस्थ नेमके बोलतात. ते म्हणाले, “सर, तुम्ही चांगलं केलं म्हणता. त्या मुलीनं आईला हातभार लावला, शेजाऱ्याला मदत केली. ते कुणाला दाखवायला केलं नव्हतं. आता तुम्ही त्याचा पण अर्ज केला. उद्या दुसरी मुलगी शनिवारी बायकांचे अर्ज भरेल ते फॉर्मात लिहायला भरेल. मग?”

या प्रश्नाने मला दोन दिवस छळले. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. घरातले काम चव्हाट्यावर मांडण्यात एक प्रकारचा उघडेपणा आहे, आणि गरिबी विकून प्रवेश मिळवणे ही खोट्या नौकानयनाचीच दुसरी तऱ्हा होऊ शकते. पण हा निर्णय माझाही नव्हे आणि त्यांचाही नव्हे, असे मला दिसले, तो तिचा. मी तिलाच विचारले. वडिलांच्या दुखण्याचा तिने एक शब्दही लिहिला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. ती म्हणाली, “दया नको ओ सर. खरं केलेलं काम तरी लिहू दे की.” आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’ हे बेळगावकरांना सांगायला नको. तिने ते ‘पण’ म्हणूनच वापरले. मला मात्र त्यात दोन्ही अर्थ ऐकू आले.

सहकाऱ्यांच्या दुसऱ्या शंकेला माझे उत्तर असे की, उद्या एखादी मुलगी फॉर्मात लिहिण्यासाठी का होईना शनिवारी चार बायकांचे अर्ज भरणार असेल तर भरू दे. बायकांना पैसे मिळतील. वृक्षारोपणाच्या छायाचित्राने झाडालासुद्धा काही मिळत नाही.

आता आमच्या, म्हणजे शिक्षकांच्या, वाट्याकडे येतो. त्या सोळा प्रमाणपत्रांतील एकावर सही माझी होती.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबरला सुरू झाली. नियम असा की स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे, वर्षाला १२०, आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर करावे. म्हणजे तासांचा हिशेब त्या योजनेच्या पायातच आहे. मी काही वर्षे या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. खानापूर बाजूच्या एका गावात आमचे शिबिर होते. पन्नास नावे. गटार काढायला रोज जेमतेम अठरा-वीस मुले असत. समारोपाच्या दिवशी पाहुणे यायचे होते, जेवणात गोड होते, आणि पन्नासच्या पन्नास हजर. मी पन्नास प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. कोणाचे नुकसान कशाला करा, असा उदार विचार मी त्या वेळी केला. नुकसान झाले ते सातही दिवस चिखलात उभ्या राहिलेल्या अठरा मुलांचे. त्यांच्या कागदाची किंमत मी माझ्या हाताने इतर बत्तिसांच्या कागदाइतकी करून टाकली. तो कागद दाखवून आता कोणी काही मागू लागले तर त्यावरून काय केले ते कळत नाही. फक्त सही वाचता येते.

आज तर हा पूर आला आहे. व्याख्यानाला बसले की प्रमाणपत्र, ऑनलाइन तीन प्रश्नांची उत्तरे दिली की प्रमाणपत्र. मूल्यांकनाच्या समितीला आकडे दाखवायचे असतात म्हणून आम्ही कार्यक्रम वाढवतो, कार्यक्रमाला माणसे हवीत म्हणून प्रमाणपत्रे वाढवतो, आणि मुले तिसऱ्या दिवशी विचारतात, “सर, सर्टिफिकेट कधी मिळतंय?” त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जे मोजले जाते ते गोळा करायला आम्हीच शिकवले. आणि यात जे मूल खरोखर काही करते आहे, मग ते मागावर असो, बापाच्या भाजीच्या गाडीवर असो, की अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ असो, त्याची अशी समजूत होते की आपल्याकडे दाखवण्यासारखे काहीच नाही. त्या मुलीची तीच झाली होती. अमेरिकेच्या अर्जापेक्षा मला ही गोष्ट अधिक टोचली.

तिने शेवटी दहापैकी सहा ओळी भरल्या. माग, अर्जांची वही, कबड्डी, भावाचा अभ्यास, राष्ट्रीय सेवा योजना (प्रत्यक्ष तासांसह, ते तिने डायरी पाहून काढले) आणि रांगोळी. रांगोळी कशाला, म्हणून मी विचारले. उत्तेजनार्थ बक्षीस होते, आणि तास तर नगण्य. “आवडते,” ती म्हणाली. मी गप्प बसलो. उरलेल्या चार ओळी कोऱ्या ठेवून तिने डिसेंबरात अर्ज पाठवला. फाइल माझ्या टेबलावरच राहिली होती. बोलावून दिली, तर प्रमाणपत्रे घरी नेली आणि प्लॅस्टिकचे खिसे तेवढे शनिवारच्या बायकांच्या पावत्या ठेवायला घेतले.

या वर्षीच्या शिबिरापासून आमच्या प्रमाणपत्रावर ‘प्रत्यक्ष केलेले काम’ आणि ‘तास’ असे दोन रकाने छापावेत, ते रोजच्या हजेरीवरून भरावेत आणि शून्य असेल तेथे शून्य लिहावे, अशी लेखी सूचना मी प्राचार्यांकडे दिली आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. कन्नड मसुदा तिनेच तपासून दिला. माझ्या दोन चुका निघाल्या. सूचना पुढच्या बैठकीपुढे यायची आहे. विद्यार्थी प्रतिनिधींपैकी दोघे कालच येऊन विचारून गेले की हे या वर्षीपासूनच का, पुढच्या वर्षीपासून का नाही.